कमावता माणूस स्थानबद्ध झाल्यावर : अमेरिकेतील सणासुदीचे अन्नदान कसे चालते

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की शाळांच्या व्हरांड्यांत, ऑफिसांच्या स्वागतकक्षांत आणि चर्चच्या दारांत पुठ्ठ्याची मोठी खोकी दिसू लागतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग या सणापासून नाताळपर्यंतच्या आठवड्यांत लोक त्यांत डबाबंद मका, घेवड्याचे डबे, पास्ता, पीनट बटर असे टिकाऊ पदार्थ टाकतात आणि स्थानिक फूड बँकेमार्फत, म्हणजे दानाचे अन्न साठवणाऱ्या गोदामामार्फत, ते गरजू घरांपर्यंत पोहोचतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही पद्धत परिचयाची आहे, कारण मुलांच्या शाळेतून तशी चिठ्ठी दरवर्षी घरी येते. अलीकडे मात्र या मदतीच्या कामात एका निराळ्या प्रकारच्या घरांची संख्या वाढली आहे. त्या घरातल्या आईला, वडिलांना किंवा दोघांनाही इमिग्रेशन खात्याने ताब्यात घेतलेले असते आणि शेकडो मैल दूरच्या केंद्रात स्थानबद्ध केलेले असते. अशा घराला अन्नाची मदत का लागते, सरकारी योजना तिथे का पुरत नाहीत आणि ही मदत वेगळ्या वाटेने का न्यावी लागते, हे इथे समजून घेऊ. या प्रश्नात अन्न गोळा करणे हा तुलनेने सोपा भाग आहे. कुणाचे नाव कुठल्या यादीत न चढवता ते दारापर्यंत नेणे हा अवघड भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी स्थानबद्धता म्हणजे काय ते पाहू. इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, म्हणजेच आयसीई, ही यंत्रणा २००३ मध्ये होमलँड सिक्युरिटी या नव्या खात्याखाली सुरू झाली. देशात राहण्याची परवानगी नसल्याच्या किंवा ती संपल्याच्या संशयावरून ती ज्यांना पकडते, त्यांना बहुतेक वेळा गुन्ह्याची शिक्षा म्हणून कोंडले जात नाही. हद्दपारीच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत त्यांना अडकवून ठेवले जाते आणि कायद्याच्या भाषेत ही दिवाणी कारवाई असते. ऐकायला हा फरक सौम्य वाटतो, पण कुटुंबाच्या दृष्टीने तो जास्त जाचक ठरू शकतो. शिक्षा झालेल्या कैद्याची सुटकेची तारीख ठरलेली असते, स्थानबद्धाची नसते. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तर इमिग्रेशनच्या न्यायालयात वकील करण्याचा हक्क आहे, पण त्याचा खर्च सरकार देत नाही. २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ४० हजार लोक अशा केंद्रांत होते आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा आकडा ६५ हजारांवर गेला. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक लोकांना कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती. त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्याने स्थानबद्धतेची क्षमता वाढवण्यासाठी ४५ अब्ज डॉलरची तरतूद केली, त्यामुळे हा प्रश्न एखाद्या हंगामापुरता उरलेला नाही.

माणूस पकडला जातो त्या दिवसापासून घराचे अर्थकारण कसे कोसळते, हे नीट पाहण्यासारखे आहे. कागदपत्रे नसलेले स्थलांतरित बांधकाम, शेती, मांस प्रक्रिया कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरे, साफसफाई अशा कामांत असतात. तिथे पगार आठवड्याला किंवा पंधरवड्याला हातात पडतो आणि मागे गंगाजळी फारशी नसते. तो पगार एका दिवसात थांबतो आणि त्याच दिवसापासून नवे खर्च सुरू होतात. वकिलाची फी भरावी लागते. जामीन मंजूर झालाच तर त्याची कायद्याने ठरलेली किमान रक्कम १,५०० डॉलर आहे आणि प्रत्यक्षात ती अनेकदा कित्येक हजारांत जाते. ही रक्कम पूर्ण आणि एकरकमी भरावी लागते आणि प्रकरण संपेपर्यंत ती अडकून राहते. २०२५ च्या उन्हाळ्यापासून सरकारने अशी भूमिका घेतली, की सीमेवर तपासणी न होता देशात आलेल्यांना जामिनाची सुनावणीच द्यायची नाही. अनेक फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशांनी ही भूमिका फेटाळली असली, तरी प्रत्येक कुटुंबाला त्यासाठी वेगळी दाद मागावी लागते, म्हणजे पुन्हा वकील आणि पुन्हा पैसे आले. शिवाय पकडलेल्या माणसाला टेक्सास, लुइझियाना किंवा जॉर्जियातल्या केंद्रात हलवण्याची पद्धत आहे. शिकागोतल्या मुलांना लुइझियानातल्या वडिलांना भेटायचे झाले, तर प्रवासाचा खर्च महिन्याच्या किराण्याहून अधिक होतो.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येणे साहजिक आहे : आत डबा देता येत नाही का? भारतात कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न घेण्याची मुभा १८९४ च्या तुरुंग कायद्यातच होती आणि घरच्या जेवणासाठी न्यायालयात केलेल्या अर्जांच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. अमेरिकी स्थानबद्धता केंद्रांत मात्र घरचे अन्न आत जात नाही. नातेवाईक फार तर त्या माणसाच्या खात्यावर पैसे जमा करू शकतात आणि त्या पैशातून तो केंद्राच्या दुकानातून नूडल्स, बिस्किटे किंवा साबण घेतो. तिथे तो स्वेच्छेने कामाला तयार झाला, तर त्याला दिवसाला १ डॉलर मोबदला देण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे आतला माणूस बाहेरच्यांना पोसू शकत नाही आणि बाहेरच्यांना आपल्या उरल्यासुरल्या पैशातून आत काही पाठवावे लागते. म्हणूनच सणाचे अन्नदान हे आत अडकलेल्यांसाठी नसते, तर बाहेर राहिलेल्या घरासाठी असते. बाहेरचा किराणा कुणी सांभाळला, तर त्या घरातले चार पैसे फोनसाठी आणि वकिलासाठी मोकळे होतात.

हे 'घर' दर वेळी पूर्वीचेच असते असेही नाही. एक पालक पकडला गेला तर दुसरा मुलांना सांभाळतो आणि अनेकदा त्याला स्वतःलाही कामावर जायची भीती वाटते. दोघेही गेले तर मुले आजीकडे, मावशीकडे, मोठ्या बहिणीकडे किंवा शेजाऱ्यांकडे जातात. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्माने नागरिक असलेली, सुमारे ४४ लाख मुले अशा पालकांसोबत राहत होती ज्यांच्याकडे राहण्याची परवानगी नव्हती. एकाच छताखाली बाप कागदपत्रांविना, आई तात्पुरत्या परवान्यावर आणि मुले नागरिक, अशी ही मिश्र कुटुंबे असतात. मदत करणाऱ्याने ही रचना ध्यानात घेतली नाही, तर चौघांसाठी पाठवलेला खोका सात जणांच्या स्वयंपाकघरात पोहोचतो.

सरकारी मदत का पुरत नाही

अमेरिकेतली सर्वांत मोठी अन्नयोजना म्हणजे स्नॅप. तिला लोक अजून फूड स्टॅम्प या जुन्या नावानेच ओळखतात आणि २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी २० लाख लोक तिच्यावर अवलंबून होते. कागदपत्रे नसलेल्यांना ती कधीच लागू नव्हती. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेकांनाही तिच्यातून वगळले आणि २००२ च्या कायद्याने त्यांतल्या प्रौढांना सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबण्याच्या अटीवर पुन्हा पात्र केले. एच-वन-बी व्हिसावर असलेले आपले अभियंतेही तिला पात्र नाहीत. २०२५ च्या कायद्याने निर्वासितांना आणि आश्रय मिळालेल्यांनाही त्या योजनेतून वगळले. मिश्र कुटुंबातली नागरिक मुले मात्र पात्र असतात. त्यांच्या वतीने पालक अर्ज करू शकतात आणि स्वतःसाठी मदत मागत नसलेल्या पालकाला आपला दर्जा सांगण्याची सक्ती नाही.

कागदावर ही सोय आहे, पण भीती तिच्या आड येते. जो ग्रीन कार्डासाठी अर्ज करणार आहे तो पुढे सरकारवर भार होईल का, हे तपासणारा एक जुना नियम आहे. २०१९ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून स्नॅपसुद्धा त्यात धरले गेले, २०२१ मध्ये ती वाढ मागे घेतली गेली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने नियम पुन्हा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. वकिलांनाही पुन्हा पुन्हा तपासावा लागणारा हा नियम सामान्य माणसाच्या डोक्यात एवढाच उरतो की काही घेऊ नका, पुढे महागात पडेल. त्यात २०२५ मध्ये मेडिकेड या आरोग्ययोजनेतल्या लाभार्थींची माहिती होमलँड सिक्युरिटीकडे गेली आणि स्नॅप चालवणाऱ्या कृषी खात्याने राज्यांकडे तिच्या लाभार्थींचा तपशील मागितला. राज्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेली. पण आपल्या मुलाच्या नावाने भरलेला अर्ज घराचा पत्ता दाखवेल, अशी शंका एकदा आली की आई तो अर्ज भरत नाही. मला ही शंका अवास्तव वाटत नाही. खासगी संस्थेने दिलेला धान्याचा खोका मात्र या नियमात कधीच मोजला गेलेला नाही आणि हे लोकांना स्पष्टपणे सांगणे खोका देण्याइतकेच गरजेचे आहे.

शाळेतले जेवण आणि गरोदर स्त्रिया व पाच वर्षांखालील मुलांसाठीची विक योजना यांत इमिग्रेशनचा दर्जा विचारला जात नाही, त्यामुळे अशा घरांचा मोठा आधार शाळा हाच असतो. सणाचा संबंध इथे फार थेट येतो. नाताळच्या सुमारास शाळा साधारण दोन आठवडे बंद राहतात आणि सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण शाळेत घेणारी मुले त्या काळात पूर्ण वेळ घरी जेवतात. थंडीमुळे बांधकाम आणि बागकामाची रोजंदारी त्याच दिवसांत कमी होते आणि घर गरम ठेवण्याचे बिल वाढते. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण आणि स्वयंपाकघराची सर्वांत ओढाताण होणारे दिवस एकत्र येतात. २०२५ मध्ये त्यात आणखी एक संकट आले. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाल्याने नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे अडकले आणि नेहमीचे लाभार्थीही फूड पँट्रींच्या, म्हणजे वस्तीतल्या अन्नवाटप केंद्रांच्या, रांगेत आले, तेही थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर. त्याआधी मार्चमध्ये कृषी खात्याने फूड बँकांना जाणारा सुमारे ५० कोटी डॉलरचा अन्नपुरवठा रद्द केलेला होता.

पोस्टव्हिलचा अनुभव

हे सारे २०२५ मध्ये पहिल्यांदा घडले असे नाही. आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या मांस प्रक्रिया कारखान्यावर १२ मे २००८ रोजी छापा पडला आणि ३८९ कामगार एका दिवसात पकडले गेले. त्यांतले बहुतेक ग्वाटेमालाचे होते. वॉटर्लू शहरातल्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरती न्यायालये भरवून त्यांच्यातल्या बहुतेकांवर खटले चालवण्यात आले आणि अनेकांना पाच महिन्यांची शिक्षा देऊन नंतर हद्दपार करण्यात आले. लहान मुले असलेल्या काही स्त्रियांना घरी राहू दिले गेले, पण त्यांच्या पायाला जागा दाखवणारे इलेक्ट्रॉनिक कडे बांधलेले होते. त्या स्त्रियांना गाव सोडण्याची मुभा नव्हती आणि नोकरी करण्याचीही नव्हती. घरभाडे, किराणा, दूध सगळे त्यांच्या अंगावर होते आणि कमाईचा प्रत्येक मार्ग बंद होता.

त्या गावातले सेंट ब्रिजेट्स हे कॅथलिक चर्च छाप्याच्या दिवसापासून आसऱ्याची जागा झाले. घाबरलेली कुटुंबे तिथे जमली आणि पुढे कित्येक महिने तिथूनच अन्नाची आणि भाड्याची मदत होत राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कारखान्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. छाप्यानंतर बाहेरून आणलेल्या नव्या कामगारांच्याही हातचे काम गेले आणि सणाच्या तोंडावर मदत मागणाऱ्यांच्या ओळीत तेही उभे राहिले. अन्नदानाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने पोस्टव्हिलचा अनुभव अभ्यासावा असे मला वाटते, कारण त्यात दोन गोष्टी अगदी उघड दिसतात. एक म्हणजे मदतीची गरज छाप्याच्या आठवड्यात संपत नाही, उलट बातमी विरल्यानंतर ती वाढते. दुसरी म्हणजे लोक मदतीसाठी तिथेच जातात जिथे त्यांना आधीपासून चेहऱ्याने ओळखणारे कुणी असते.

मिसिसिपीत ७ ऑगस्ट २०१९ रोजी कोंबडी प्रक्रिया कारखान्यांवर एकाच दिवशी छापे पडले आणि ६८० कामगार पकडले गेले. काही ठिकाणी तो शाळेचा पहिला दिवस होता. फॉरेस्ट गावात शाळेतून परतलेल्या, घरी कुणीच नसलेल्या मुलांना एका व्यायामशाळेत आणून गावकऱ्यांनी खाऊपिऊ घातले. २०२५ मध्ये जूनपासून लॉस एंजेलिसमध्ये आणि सप्टेंबरपासून शिकागोत धरपकड वाढली, तेव्हा हेच चित्र मोठ्या शहरांत दिसले. फरक इतकाच होता, की मोठ्या शहरात आता रांगेत येण्याचीच भीती वाटू लागली होती.

धान्य कुठून येते आणि दारापर्यंत कसे जाते

फूड बँक आणि फूड पँट्री यांत लोक गल्लत करतात. फूड बँक म्हणजे गोदाम : तिथे दुकानांतले उरलेले, शेतकऱ्यांनी दिलेले, सरकारने खरेदी केलेले आणि लोकांनी दान केलेले अन्न साठवले जाते. पँट्री म्हणजे चर्चचे तळघर, शाळेची खोली किंवा वस्तीतले केंद्र, जिथे ते प्रत्यक्ष हातात मिळते. या पद्धतीची पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सुरू केली. आज फीडिंग अमेरिका या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आहेत. सरकारी खरेदीचे धान्य वाटताना उत्पन्नाबाबत घेणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे लिहून घेतले जाते, पण इमिग्रेशनचा दर्जा विचारला जात नाही. केवळ खासगी दानातून आलेले अन्न वाटताना तेवढीही नोंद लागत नाही. अशा घरांसाठी काम करणाऱ्या गटांना खासगी दान आणि रोख रक्कम जास्त उपयोगी पडते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

रांगेच्या भीतीलाही ठोस कारण आहे. शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांच्या आवारात शक्यतो धरपकड करू नये, अशी सूचना बरीच वर्षे होती. २०२१ च्या ऑक्टोबरात ती विस्तारण्यात आली आणि तिच्यात फूड बँका व फूड पँट्री यांचा नाव घेऊन समावेश झाला. २०२५ च्या जानेवारीत, नवे सरकार आल्या आल्या, ती सूचना रद्द झाली. त्यानंतर अनेक शहरांत पँट्रीवर येणाऱ्यांची संख्या घटली. भूक मात्र तेवढीच होती. तेव्हा संस्थांनी उलटा मार्ग धरला आणि स्वयंसेवक धान्याच्या पिशव्या घरोघर नेऊन देऊ लागले.

घरपोच देण्याच्या कामात जी काळजी घ्यावी लागते ती बाहेरून दिसत नाही. कुटुंबाची माहिती बहुधा शाळेच्या समुपदेशकाकडून, चर्चमधून किंवा वकिलांच्या गटाकडून येते. ती ज्याच्याकडे येते, त्याने ती कुठे लिहून ठेवायची हा पहिला प्रश्न असतो. जाणत्या गटांत नाव, पत्ता आणि कुणाला कधी पकडले हा तपशील एका जागी लिहिला जात नाही. स्वयंसेवकाला फक्त त्या दिवसाचा पत्ता, घरातल्या माणसांची संख्या आणि बाळाच्या दुधाची गरज आहे का एवढेच कळते. गाडीवर संस्थेचे फलक लावले जात नाहीत. दार वाजवण्याआधी फोनवर संदेश जातो, कारण अनोळखी माणसाने अवचित दार ठोठावणे हीच त्या घराची सर्वांत मोठी भीती असते. फोटो काढले जात नाहीत, मुलांचे तर नाहीतच. देणगीदाराला फोटो हवासा वाटतो हे मी समजू शकतो, पण इथे ती इच्छा आवरलीच पाहिजे. खोक्यासोबत हसणाऱ्या मुलाचे एक चित्र समाजमाध्यमावर गेले, तर त्यातून घर ओळखता येऊ शकते.

खोक्यात काय असावे

थँक्सगिव्हिंगच्या दानात टर्कीचे माहात्म्य फार आहे. पण गोठवलेली टर्की पाच-सहा किलोची किंवा त्याहून जड असते, ती वितळायला दोन-तीन दिवस लागतात आणि भाजायला मोठी भट्टी आणि कित्येक तास लागतात. एका खोलीत दोन कुटुंबे राहत असतील, तर तिचे करायचे काय असा प्रश्न पडतो. शिवाय ज्या घरात तो सण कधी साजराच झाला नाही तिथे ती परकी वाटते. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या घरांत नाताळच्या सुमारास तमालेस लागतात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून त्याचे 'मासा' नावाचे पीठ करतात. मेक्सिकोत ते बहुधा कणसाच्या वाळक्या, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेल्या पानांवर थापतात, ग्वाटेमालात केळीच्या पानांवर. आत लाल मिरचीतले मांस किंवा चीज भरून, गुंडाळून ते वाफवतात. आपल्याकडे नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, त्याच जातीचा हा पदार्थ आहे. तो एकट्याने करायचा नसतो. एकीने पीठ मळायचे, दुसरीने पाने पुसायची, मुलांनी दोऱ्या बांधायच्या, असे डझनावारी तमालेस एका दुपारी होतात. ज्या घरातली आई स्थानबद्ध आहे तिथेही मोठी मुलगी ते करायला बसते, कारण धाकट्यांना सण कळतो. म्हणून अनुभवी संस्था खोक्यात मासाच्या तयार पिठाची पिशवी, पाने, सुक्या मिरच्या, काळा घेवडा, तांदूळ आणि तेल घालतात.

स्थानबद्धांत लॅटिन अमेरिकेचे लोक सर्वांत जास्त असले, तरी तेच असतात असे नाही. हैती देशातल्या घरांत १ जानेवारीला भोपळ्याचे 'सूप जुमू' करतात. १८०४ मध्ये त्याच दिवशी तो देश स्वतंत्र झाला आणि गुलामीत जे सूप त्यांना चाखूही दिले जात नव्हते ते आता प्रत्येक घरी शिजते. अशा घराला भोपळा आणि कंदमुळे दिली, तर देणाऱ्याने काही विचार केला आहे हे लगेच कळते. पंजाबी कुटुंबाला मांसाच्या डब्यांचा उपयोग नसेल, पण कणीक, डाळ आणि तूप कामी येईल. एकच खोका सगळ्यांना पाठवण्यापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा : तुमच्या घरी या दिवशी काय करतात? ज्यांना हे विचारायला माणसे नाहीत, त्यांनी किराणा दुकानाचे भेटकार्ड द्यावे, म्हणजे त्या घरातली बाई आपल्या मनाने खरेदी करू शकेल. ज्यांना दुकानात जायचीही भीती वाटते, त्यांच्यासाठी यादी घेऊन सामान आणून देणारा विश्वासू शेजारी लागतो.

देणाऱ्यांच्या मनात कायद्याबद्दलही शंका असतात. दिलेल्या अन्नाने कुणी आजारी पडले तर आपण अडकू, या भीतीवर १९९६ च्या बिल एमर्सन कायद्याने उत्तर दिले आहे. सद्भावनेने, खाण्याजोगे दिसणारे अन्न ना-नफा संस्थेला देणाऱ्यावर, घोर निष्काळजीपणा नसेल तर, जबाबदारी येत नाही. तरी घरी शिजवलेले पदार्थ बहुतेक फूड बँका घेत नाहीत, त्यामुळे लाडू-चिवड्याचा डबा तिथे नेऊ नये. दुसरी शंका अशी, की कागदपत्रे नसलेल्याला अन्न देणे हाच गुन्हा आहे का? परवानगी नसलेल्याला लपवून ठेवणे हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. ॲरिझोनातले भूगोलाचे शिक्षक स्कॉट वॉरेन यांनी वाळवंटातून आलेल्या दोघांना अन्न, पाणी आणि निवारा दिला, म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला होता. पहिल्या ज्युरीचे एकमत झाले नाही आणि २०१९ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. फूड बँकेला धान्य देणे किंवा शेजारच्या मुलांना किराणा पोहोचवणे हे त्या गुन्ह्यापासून फार दूर आहे. व्हिसावर राहणाऱ्यांनाही दान देण्यास बंधन नाही. करसवलत मात्र नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, एखाद्या कुटुंबाला थेट दिलेल्या पैशांवर मिळत नाही.

या सगळ्याशी आपला संबंध काय, असे कुणाला वाटू शकते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातलेही तीन जण होते. त्याआधी २०१८ मध्ये ओरेगनमधल्या शेरिडन येथील फेडरल तुरुंगात १२३ स्थलांतरितांना ठेवले होते. त्यांतले ५० हून अधिक भारतीय होते, बरेचसे शीख, आणि शाकाहारी जेवण मिळत नसल्याची तक्रार त्यांच्या वकिलांनी जाहीरपणे मांडली होती. म्हणजे हा प्रश्न आपल्या लोकांच्या घरातही आलेला आहे. अमेरिकेतली गुरुद्वारे कुणाचाही कागद न पाहता लंगरात जेवू घालतात आणि अडचणीतल्या पंजाबी कुटुंबाला तिथे पहिला आसरा मिळतो. मराठी मंडळांकडे अशी स्वयंपाकघरे नसली, तरी गणेशोत्सव आणि दिवाळीच्या निमित्ताने शेकडो कुटुंबे एकत्र येतात. दिवाळी थँक्सगिव्हिंगच्या साधारण दीड ते पाच आठवडे आधी येते. त्या कार्यक्रमात जमा केलेले पैसे स्थानिक पँट्रीला वेळेत पोहोचू शकतात आणि मंडळांनी ते करावे असे मला मनापासून वाटते.

पैसे द्यायचे तर कुणाला, हे ठरवताना संस्थेला तीन-चार गोष्टी विचाराव्यात. घरपोच सेवा आहे का, कुटुंबांची माहिती कशी आणि किती दिवस ठेवली जाते, शाळा किंवा वकिलांच्या गटाशी संबंध आहे का आणि जानेवारीनंतर हे काम चालू राहते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. डिसेंबरच्या अखेरीस गोदामे भरलेली असतात आणि फेब्रुवारीत फळ्या मोकळ्या दिसतात, हे फूड बँकांत काम करणारे दरवर्षी सांगतात. स्थानबद्धाचे प्रकरण मात्र त्या कॅलेंडरवर चालत नाही, नाताळात अडकलेला बाप वसंत ऋतूतही आतच असू शकतो. म्हणून एका मोठ्या खोक्यापेक्षा सहा महिने दरमहा ठरावीक रक्कम देणे अशा घराला जास्त आधार देते. त्या रकमेतून संस्थेला डायपरही घेता येतात, जे स्नॅप आणि विक या दोन्ही योजनांतून मिळत नाहीत.